बाराव्या आवृत्तीचं घरचं नाव

१२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनाही नमस्कार. वहिनी, शिलाई मशीन थांबवून माझी अक्षरं लावत बसावं लागतं, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझं अक्षर एके काळी चांगलं होतं, ताईला विचारा. काचेवर बोटं घासून घासून पेन धरायची सवय गेली.

ताई, डोळ्यांत थेंब वेळेवर टाकतेस ना? तीस वर्षं इस्पितळात दुसऱ्यांना औषधाच्या वेळेवरून झापलंस, आता स्वतःच्या वेळा चुकवू नकोस. डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते मागच्या पत्रात तू दोन ओळींत उरकलंस. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, एवढंच. दारात कोण आलं ते कळतं पण त्याचा चेहरा कळत नाही, हे वाचून मला कसंसंच झालं. वहिनींनी तुझ्या दोन ओळींखाली स्वतःची तिसरी ओळ घातली होती, "बाई दुधाचं पातेलं उतू जाईपर्यंत समोर उभ्या होत्या." ती ओळ तुला माहीत नसेल. आता झाली.

माझी तब्येत ठीक. पाठ दुखते, ती खुर्चीमुळे. खुर्ची बदलून मिळावी म्हणून अर्ज केला होता, तो मंजूर झाला आणि माझ्या शेजारच्याला नवी खुर्ची मिळाली.

ऑफिसात सध्या नावावरून धुमाकूळ चालू आहे. तुला माहीतच आहे, फोन ज्याच्यावर चालतो ती यंत्रणा आम्ही बनवतो आणि दर वर्षी तिची नवी आवृत्ती काढतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्याकडे साडेतीनशे दिवस ते नऊ दिवस कसे गाजवायचे याचीच तयारी चालते. नवी आवृत्ती म्हटलं की लोकांना वाटतं आता बॅटरी चार दिवस पुरेल, फोटोत आपण बारीक दिसू आणि फोन स्वतःहून बायकोचा वाढदिवस लक्षात ठेवील. लोक या अपेक्षा आम्हाला लिहून कळवतात. आमच्याकडे त्यांची यादी असते. पहिल्या क्रमांकावर गेली अकरा वर्षं बॅटरी आहे. हाताने लिहिलेलं वाचून दाखवण्याची अपेक्षा चारशे एकतिसावी होती. तीन माणसांनी मागितलं होतं. त्यातली एक तू.

तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "आंधळा मागतो एक डोळा. मी तर कानावर भागवते आहे, तेवढं तरी द्या की." मी हसलो आणि तुला शब्द दिला. बारावीत येईल, म्हटलं. दोन वर्षं मी आणि माझी चार माणसं त्याच्यामागे आहोत. तुझी जुनी पत्रं, माझ्या वह्या, इस्पितळाच्या कागदांवरची डॉक्टरांची अक्षरं, सगळं त्या यंत्राला खाऊ घातलं. डॉक्टरांचं अक्षर वाचलं तेव्हा आम्ही पाचजण टाळ्या वाजवत उभे राहिलो.

आणि एक गंमत तुला सांगायचीच राहिली होती. प्रत्येक आवृत्तीला बाहेर आकडा असतो, पण आत आमच्यात तिचं एक घरचं नाव असतं. शाळेतलं नाव वेगळं आणि घरात हाक मारायचं वेगळं, तसंच. ते कोणी ठेवायचं याचीही एक रीत आहे. मागच्या आवृत्तीत जो माणूस सारखं रडगाणं गात होता की हे बिघडणार, आणि कोणी ऐकलं नाही, आणि ते बिघडलंच, त्याने पुढच्या आवृत्तीचं नाव ठेवायचं. तेवढीच त्याला नुकसानभरपाई. अकराव्या आवृत्तीत सकाळचा गजर दोनदा वाजतो, हे मी सहा महिने कानीकपाळी ओरडत होतो. वाजला. अर्ध्या जगाने दोनदा उठून आम्हाला शिव्या घातल्या. म्हणून बारावीचं नाव ठेवायचा मान माझा. मी ठेवलं 'ताई'.

तेव्हापासून ऑफिसात दिवसभर तुझंच नाव चालतं. "ताई आज तीनदा कोसळली." "ताई फार गरम होते, काहीतरी करा." "ताईने काल सगळ्यांचे फोननंबर गिळले." आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे माझ्या साहेबीणबाईंनी, भर बैठकीत विचारलं, "ताई कुणाचं ऐकत का नाही?" मी म्हटलं, जातीचाच गुण आहे.

तर आता धुमाकूळ असा की जाहिरात विभागाला बारा हा आकडा नको आहे. त्यांचा प्रमुख उन्हाळ्यातही टाय लावतो, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणतो. तो म्हणाला, "बारा काढली की पहिल्याच दिवशी लोक म्हणणार, यांचे बारा वाजले." हसू आलं, पण पुढे त्याने जे सांगितलं त्यात हसण्यासारखं नव्हतं. समोरच्या मोठ्या कंपनीचा आकडा तेवीस आहे. दुकानात दोन फोन शेजारी ठेवले की गिऱ्हाईक म्हणतं, हा तेवीस आणि हा अकरा, म्हणजे अकरा जुनाट. तेव्हा आपण एकदम चोवीस व्हायचं. तीन तास बैठक चालली. कोणीतरी विचारलं, मधल्या आवृत्त्या कुठे गेल्या असं लोक विचारतील. टायवाला म्हणाला, "लोक पुढे काय येणार ते विचारतात. मागे काय राहिलं ते कोणी विचारत नाही."

म्हणजे बाराव्या क्रमांकाची आवृत्ती आता येणार नाही. चोवीस येईल. त्यामुळे तुझं काम जरा पुढे गेलं आहे असं समज. तू त्या बिस्किटांच्या डब्यातल्या सहा पाकिटांसाठी वाट बघते आहेस, मला ठाऊक आहे. आईची पत्रं आहेत, पहिलं सोडून बाकीची तू तरुणपणी रागाने उघडली नाहीस, नंतर भीतीने उघडली नाहीस आणि आता उघडलीस तरी दिसत नाहीत. वहिनी वाचून द्यायला तयार होत्या, तू नको म्हणालीस. मी येऊन वाचतो म्हटलं, तर मलाही नको म्हणालीस. "आईने मला जे सुनावलंय ते माणसाच्या तोंडून नको. यंत्राच्या तोंडून चालेल, यंत्र नंतर चहाला बसत नाही." बरोबर आहे तुझं.

जरा धीर धर. काही ना काही होईल.

वहिनींच्या गुडघ्याला आराम पडो.

तुझा,
भाऊ


९ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. वहिनींनी अक्षर सुंदर काढलं आहे, माझ्यासारख्याला लाज वाटावी असं. तू सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलं आहे हेही कळतं, कारण मधेच "थांबा, हे खोडा, बरं राहू द्या" असंही लिहिलेलं आहे. वहिनी, तुमच्यासारखा लेखनिक सगळ्यांना मिळो.

तू लिहिलंस, "बारा काय नि चोवीस काय, मला आकड्याशी देणंघेणं नाही. तू म्हणालास येईल, म्हणजे येईल. मी छत्तीस वर्षं थांबले, आणखी सहा महिने काय." हे पत्र मी खिशात ठेवलं होतं. मंगळवारपासून चार वेळा काढून वाचलं. मागच्या पत्रात मी तुला ताकास तूर लागू दिली नाही. "काम जरा पुढे गेलं आहे" असं जे लिहिलं ते खरं नव्हतं.

हस्ताक्षर वाचण्याचं काम काढून टाकलं आहे. चोवीसमध्ये ते नाही. पंचवीसमध्येही नसेल.

झालं असं की नाव मोठं ठेवलं की लक्षणही मोठं दाखवावं लागतं. अकरावरून चोवीसवर उडी मारायची तर फोन हातात घेताक्षणी काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे. म्हणून सगळी बटणं काचेसारखी आरपार करायची ठरली. खालचं चित्र वरच्या बटणातून दिसतं. सुंदर दिसतं, फक्त बटण दिसत नाही. त्याला माणसं लागणार, फोनमध्ये जागा लागणार. मग ज्या गोष्टी कमी लोकांनी मागितल्या त्या काढायच्या. चारशे एकतिसावी अपेक्षा, मागणारे तीन. असल्या यादीत आपण कुठे असणार ते तुला सांगायला नको.

पण ताई, मी तक्रार करतोय असं समजू नकोस. मोठ्या बाई कागद घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. काम काढायचं तर त्या कामाच्या प्रमुखाची सही लागते, आणि प्रमुख मी. मला काचेच्या खोलीत नेऊन दार लावून बसल्या, म्हणाल्या, "तू भांडणार हे मला माहीत आहे. भांड. मी वरपर्यंत जाईन तुझ्याबरोबर. दोन महिने मिळवून देते." चार माणसं बाहेर काचेतून बघत होती. त्यांनाही वाटत होतं आता हा टेबलावर हात आपटणार.

मी पेन मागितलं आणि सही केली. मिनिटही लागलं नसेल. मोठ्या बाईंनी कागद उचलला. "बरं वाटत नाही का तुला?" एवढंच विचारलं त्यांनी. त्यानंतर आमच्यातल्या एका मुलीने दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. डॉक्टरांचं अक्षर पहिल्यांदा तिनेच यंत्राकडून वाचून घेतलं होतं.

सही का केली ते इथे लिहीत नाही. वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यापासून लपवायचं म्हणून नाही. हे तुमच्या तोंडातून जाऊ नये एवढंच.

आता काम सांगतो, ते नीट ऐक. या पत्राच्या मागून एक खोकं येईल. त्यात एक फोन आहे, कोपरा चेपलेला, पाठीवर पांढऱ्या पट्टीवर सतरा लिहिलेलं. वहिनींनी तो फक्त चालू करून द्यायचा. चालू झाला की तो बोलेल. खोक्यात एक पाकीटही आहे, उजवा कोपरा मी कात्रीने कापला आहे, हाताला लागेल. ते वहिनींनी उघडायचं नाही. तू उघड. दार लाव, कागद टेबलावर सपाट ठेव, फोन वीतभर वर धर आणि म्हण, "वाच." कागद तिरका असला तर तोच सांगेल कुठे सरकवायचा.

एवढं करशील ना?

तुझा,
भाऊ


९ मार्च, शनिवार. कोपरा कापलेलं पाकीट.

ताई,

दार लावलंस ना?

तू ऐकते आहेस तो आवाज एका बाईचा आहे, बातम्या देणारीसारखा. स्वल्पविरामाला जरा जास्तच थांबते आणि "आई" हा शब्द उगाच लांबवते. ते आम्हाला दुरुस्त करता आलं नाही. सवय होईल.

ही बारावी आवृत्ती. ऑफिसातल्या तुझ्या नावाची. जगात आता ती एवढ्या एकाच फोनवर आहे. आवृत्ती रद्द झाली की तपासणीचे सगळे फोन परत करायचे आणि पुसून टाकायचे असा नियम आहे. माझ्या नावावर सतरा होते. सोळा परत केले. मोठ्या बाईंनी विचारलं, सतरावा कुठे? मी म्हटलं, ताईकडे आहे. त्यांनी परतीची नोंदवही उघडली. मग म्हणाल्या, "ताई ताईकडे आहे, असं लिहू का मी इथे?" आणि रकान्यात 'निकामी' लिहून वही मिटली. जाताना म्हणाल्या, "सही का केलीस ते मला सांगू नकोस. ज्याला सांगायचं त्याला सांग." म्हणून हे लिहितोय.

या फोनला सुरुवातीला एक वाईट खोड होती. अक्षर लागलं नाही, शब्द पुसट असला, की तो अंदाजाने शब्द भरायचा. वाक्य छान पूर्ण व्हायचं, पण ते लिहिणाऱ्याचं नसायचं. ती खोड मी काढली. आठ महिने त्यात गेले. आता तो जेवढं लिहिलं आहे तेवढंच वाचतो. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. माझं अक्षर तर तो डोळे मिटूनही वाचील, माझ्याच वह्यांवर तो शिकला आहे.

डब्यातली सहाही पत्रं माझ्या अक्षरात आहेत, हे तुला माहीत आहे. आईला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि मी लिहायचो. मागे एकदा तू मला विचारलं होतंस, "काय लिहिलं होतंस रे त्यात?" मी म्हटलं, आठवत नाही. ताई, मला सगळं आठवतं.

तू नोकरीसाठी घर सोडून गेलीस तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आईची तुझी जी भांडणं झाली ती मी स्वयंपाकघरात अंथरुणावर पडून ऐकली, कारण मी तिथेच झोपायचो, ओट्याला लागून. तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मी माझी गादी उचलून तुझ्या खोलीत नेली. खिडकीची खोली. मला आयुष्यात पहिल्यांदा दार मिळालं होतं. तू मला न सांगता गेलीस याचा राग होताच, पण रागापेक्षा त्या दाराचं सुख मोठं होतं. हे आत्ता, एवढ्या वर्षांनी लिहितानाही मला शरम वाटते. पण खरं आहे.

आई पत्र सांगायची ती इस्त्री करता करता. लोकांच्या कपड्यांचा ढीग एका बाजूला, मी टेबलाच्या टोकाला वही घेऊन. ती इस्त्री ओढत ओढत बोलायची. इस्त्री कापडावरून फिरत असली की ती तुला रागावायची. "लिही, एवढं शिकवलं ते यासाठी नव्हे. लिही, लोक मला विचारतात, मी काय तोंड दाखवू." मी भराभरा लिहायचो. मग इस्त्री उभी करून ठेवायची, पदराने मान पुसायची, आणि आवाज उतरायचा. तेव्हा जे बोलायची ते वेगळं असायचं.

पहिल्या पत्राच्या वेळी इस्त्री उभी ठेवून ती म्हणाली, "लिही, रागात बोलले. खोली तशीच आहे म्हणावं. ये." आणि माझ्याकडे बघितलं. खोलीत कोण झोपतं ते तिला काय माहीत नव्हतं? ती आली की तू पुन्हा ओट्यापाशी, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

मी ते लिहिलं नाही. पेन फिरवल्यासारखं केलं. खाली 'तुझी आई' लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. तिला वाचता येत नव्हतं, मला माहीत होतं.

ते पत्र तू उघडलंस. तू उघडलेलं तेवढं एकच. त्यात नुसतं सुनावलेलं होतं, म्हणून पुढची तू उघडलीच नाहीस. या छत्तीस वर्षांत मी स्वतःला नाना प्रकारे समजावलं. बारा वर्षांचं पोर होतं. तीन वाक्यांनी काय होणार होतं. ताई तशीही हट्टी. पण तू ते पत्र उघडलं होतंस, इथे येऊन माझं सगळं समजावणं थांबतं.

पुढच्या चार पत्रांतही मी तेच केलं. एकात ती म्हणाली होती, जेवतेस का विचार. एकात म्हणाली, तुझा निळा स्वेटर राहिला आहे, पाठवू का घेऊन जायला येतेस. त्यावर हसलीसुद्धा, म्हणाली, "ये म्हटलं तर यायची नाही, स्वेटरसाठी येईल." उरलेल्या दोन्हींत काय म्हणाली होती ते शब्दाला शब्द आठवत नाही. शेवटी 'ये' होतं एवढं नक्की. दर वेळी 'ये' होतं.

तेव्हा ती पत्रं या फोनला वाचायला देशील तेव्हा एक लक्षात ठेव. तो खोटं वाचणार नाही, पण अर्धं वाचील. 'तुझी आई' या शब्दांच्या आधी थांब. तिथे इस्त्री उभी ठेवलेली आहे असं समज.

सहावं पत्र वेगळं आहे. डब्यात सगळ्यात खाली असेल, पाकिटावर पाण्याचा डाग आहे. तोवर आई अंथरुणाला खिळली होती, इस्त्री बंद होती. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. पहिल्यांदाच सगळं लिहिलं. एक शब्द गाळला नाही. शेवटचा 'ये' मी दोनदा लिहिला, एक तिचा आणि एक माझा. पत्र टाकून आलो, गादी उचलली, ओट्यापाशी आणून टाकली आणि तुझी खोली झाडून ठेवली. अकरा दिवस तिथेच झोपलो. बाराव्या दिवशी ती गेली.

तू आलीस ती त्यानंतर. मला जवळ घेऊन म्हणालीस, "एकदा जरी ये म्हणाली असती ना, तर धावत आले असते." मला तेव्हा सांगता आलं असतं. तू मला घेऊन गेलीस, शिकवलंस, जेवू घातलंस, रात्रपाळ्या करून माझी फी भरलीस. जेवढं जास्त केलंस तेवढं सांगणं अवघड होत गेलं. आणि मग मी असं यंत्र करायला बसलो की जे तुला निदान ते सहावं पत्र वाचून दाखवील. म्हटलं, आपल्याला तोंड नाही, यंत्राला तरी असू दे. दोन वर्षं मला खरंच वाटत होतं की मला हे व्हायला हवं आहे. कागद समोर आला आणि माझी सही मिनिटात झाली, तेव्हा कळलं की मी सुटायची वाट बघत होतो. काढून टाकायची सवय जुनीच आहे माझी. तू म्हणायचीसच, हा लहानपणापासून मधलं गाळतो.

दमलो आहे ताई. खूप दमलो आहे. ऑफिसने नाही.

आता फोनबद्दल शेवटचं. हा फोन रोज सकाळी तुला विचारील, "नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. घेऊ का?" चोवीस आली की जास्तच मागे लागेल. नको म्हण. रोज नको म्हण. एकदा हो म्हणालीस की बटणं काचेची होतील आणि तो वाचणं विसरेल. वहिनींनाही सांगून ठेव, त्या मायेपोटी हो म्हणायच्या.

मला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यायचं असलं तर वहिनींच्या हाती दे, किंवा या फोनशी बोल, तो पाठवील. नसलंच आलं तरी मी समजेन. मी तिकडे यावं की न यावं, तेही तू ठरव. तू बोलावल्याशिवाय दारात उभा राहणार नाही. चेहरा तसाही तुला दिसणार नाही, पण मला तुझा दिसेल.

आता आईचं राहिलेलं. जसं तिने सांगितलं तसं, तिच्या पहिल्या पत्राच्या शेवटी लिहायचं होतं ते:

रागात बोलले. खोली तशीच आहे. ये.

तुझी आई

(सांगणारी ती. लिहिणारा मी, छत्तीस वर्षं उशिरा.)